वीस मार्च आणि एकवीस मार्च

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त कामरगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





बंधू-भगिनींनो, मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात बॉबिन बदलत माझी जवानी गेली. शाळा अर्ध्यातच सुटली. पुढचे शिक्षण रातपाळीच्या सुट्टीत वाचलेल्या पेपरात आणि बाबासाहेबांच्या खंडांत झाले. म्हणून बोलण्यात कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे. समितीने मला "आफ्रिकेचा मुक्तिलढा आणि अहिंसा" हा विषय दिला, तेव्हा एका आजीने मला विचारले, "बापू, कामरगावात आफ्रिका कुठून आणली?" आजीचा प्रश्न बरोबर आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

६ डिसेंबर २०१३ चा दिवस आठवा. महापरिनिर्वाण दिन. आपण सकाळी अभिवादनासाठी जमलो होतो. त्याच सकाळी बातमी आली की दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला गेले. त्यांच्याकडे ५ तारखेची रात्र होती, आपल्याकडे ६ तारीख लागली होती. मी उभा राहून म्हटले, बाबासाहेबांना अभिवादन केल्यावर या माणसासाठीही दोन मिनिटे शांत उभे राहू. सगळे उभे राहिले. पण नंतर एक पोरगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, पेपरात तं लिहेल हाय का मंडेलानं हत्यारबंद लढाई सुरू केली होती. आपुन पंचशील घेतो, मंग त्याले वंदन कसं करायचं? अन् त्याचं बरोबर असन, तं आपुन काऊन मार खाऊन गप बसतो?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "मोठा झाल्यावर समजेल" म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. आज जे बोलतो आहे ते त्या पोराला उशिरा दिलेले उत्तर समजा.

मित्रहो, कॅलेंडरमधल्या दोन तारखा शेजारी शेजारी आहेत. २० मार्च आणि २१ मार्च. २० मार्च १९२७ आपल्या लेकराबाळांनाही पाठ आहे. महाडचे चवदार तळे. आणि २१ मार्च १९६० म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले शार्पव्हिल. मध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे, समुद्र आहे, पण गोष्ट एकच आहे. निःशस्त्र माणसे आपला साधा हक्क मागायला रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर हल्ला झाला.

महाडचे आपण ऐकतो, पण अर्धेच ऐकतो. पाणी प्यालो, इथपर्यंत ऐकतो. नंतर काय झाले? बाबासाहेब आणि परिषदेला आलेली माणसे तळ्यावरून परतली. गावात अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर धावून आला. जेवायला बसलेल्या माणसांना मारले, रस्त्यात एकट्यादुकट्याला गाठून मारले. कितीतरी लोक जखमी झाले. आणि आपल्या बाजूला कोण होते? त्यात पलटणीतून निवृत्त झालेले सैनिक होते! लढाया पाहिलेली माणसे. ती बाबासाहेब उतरले होते त्या बंगल्याजवळ जमली आणि फक्त एका इशाऱ्याची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले. हल्लेखोरांवर फिर्याद झाली आणि त्यातल्या काहींना शिक्षाही झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात माणसे पुन्हा महाडला जमली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्यावर जायची सगळ्यांची तयारी होती, तुरुंगात जायचीही होती. पण विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी लोकांना समजावले की सध्या थांबू, कोर्टात लढू. लोकांना ते जड गेले. तरी त्यांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परत गेले. त्यानंतर जवळपास दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला.

म्हणजे महाडच्या अहिंसेत भित्रेपणा नव्हता. मनगटात ताकद असताना ती आवरून धरली होती. आणि दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. समोर एक कोर्ट होते. मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचा ठराव होता. दार किलकिले होते. ते ढकलून उघडता येईल, असे बाबासाहेबांना दिसत होते.

आता शार्पव्हिलला चला. दक्षिण आफ्रिकेत काळे लोक बहुसंख्य. पण १९१३ च्या कायद्याने त्यांच्यासाठी देशातली सुमारे ७ टक्केच जमीन ठेवली, पुढे ती सुमारे १३ टक्के केली. १९४८ पासून तर वर्णभेद हेच सरकारचे धोरण झाले. राहायची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, बस वेगळी, बाकडे वेगळे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. काळ्या माणसाने खिशात पास बाळगायचा. पास नसला की पोलीस उचलून नेणार. स्वतःच्या देशात फिरायला परवाना!

लोक गप्प बसले नाहीत. त्यांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ही संघटना १९१२ पासूनची. अर्ज केले, शिष्टमंडळे पाठवली. २६ जून १९५२ पासून कायदेभंग सुरू केला. जाणूनबुजून गोऱ्यांच्या दारातून आत शिरायचे, गोऱ्यांच्या बाकावर बसायचे आणि शांतपणे अटक करून घ्यायची. आठ हजारांवर माणसे तुरुंगात गेली. स्वयंसेवकांचे प्रमुख होते नेल्सन मंडेला. संघटनेचे अध्यक्ष झालेले अल्बर्ट लुथुली तर शांततेचेच पुरस्कर्ते. ९ ऑगस्ट १९५६ ला सुमारे वीस हजार बाया पासच्या विरोधात प्रिटोरियाला सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या महिला मंडळाने हा आकडा लक्षात ठेवावा.

मग २१ मार्च १९६० उजाडला. हा कार्यक्रम रॉबर्ट सोबुक्वे यांच्या दुसऱ्या संघटनेचा होता. पास घरी ठेवायचा, पोलीस ठाण्यावर जायचे आणि म्हणायचे, आमच्याकडे पास नाही, करा अटक. शार्पव्हिलला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी नोंदीप्रमाणे ६९ माणसे मेली, त्यात बाया होत्या, मुले होती. बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. म्हणजे ते पळत होते. आणि मारणाऱ्यांना शिक्षा? काही नाही. उलट पुढच्याच महिन्यात दोन्ही संघटनांवर बंदी आली. सभा घेणे गुन्हा, संघटनेचे सभासद असणे गुन्हा. मत तर नव्हतेच. महाडला दार किलकिले होते, इथे दार भिंतीत चिणून टाकले.

बंधूंनो, इथून पुढे तो वाद सुरू होतो. तो एकट्या दक्षिण आफ्रिकेचा नव्हता, सगळ्या आफ्रिका खंडाचा होता. घानाच्या एन्क्रुमा यांनी १९५० साली संप आणि बहिष्काराचा मार्ग धरला आणि ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र केला. १९५८ च्या डिसेंबरात त्यांच्या अक्रा शहरात सगळ्या आफ्रिकेतल्या चळवळींची परिषद भरली. तिथे अल्जीरियाच्या बाजूने फ्रांझ फॅनन नावाचा डॉक्टर उभा राहिला. त्याचे म्हणणे होते की आमच्यावर फौज सोडली आहे, आम्ही फक्त अहिंसेने कसे लढणार? शेवटी परिषदेने शांततेच्या मार्गाने लढणाऱ्यांना पाठिंबा दिला आणि ज्यांना हत्यार उचलणे भाग पडले त्यांनाही दिला.

आणि हा वाद आपल्या दारातही होता. गोवा! तिथे पोर्तुगीज, आणि आफ्रिकेत अंगोला-मोझांबिकवरही तेच पोर्तुगीज. १९५५ साली नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासारखी माणसे हातात काठीसुद्धा न घेता गोव्यात शिरली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मेली. सहा वर्षांनी भारत सरकारने फौज पाठवली. आता १९६१ च्या डिसेंबरातले हे दहा दिवस मोजा. १० तारखेला लुथुलींनी शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारले. १६ तारखेला मंडेलांच्या नव्या गुप्त दलाने पहिले स्फोट केले. आणि १८-१९ तारखेला शांततेचे नाव घेणाऱ्या आपल्या भारताच्या सैन्याने गोवा मुक्त केला. ज्यांना मंडेला चूक वाटतात, त्यांनी गोव्याचेही उत्तर दिले पाहिजे.

पण मंडेलांनी हत्यार उचलले म्हणजे काय केले, हेही नीट पाहा. १९६४ च्या खटल्यात त्यांनी कोर्टात उभे राहून ते सगळे सांगितले. आपल्यापुढे चार वाटा होत्या, घातपात, गनिमी युद्ध, दहशत आणि उघड उठाव. त्यातली माणसांचा जीव सर्वांत कमी जाईल अशी पहिली वाट आम्ही निवडली. विजेचे खांब, सरकारी कचेऱ्या हे लक्ष्य, माणूस नाही. का? कारण उद्या काळ्या-गोऱ्यांना याच देशात एकत्र नांदायचे आहे, रक्ताचे वैर वाढवायचे नाही. म्हणजे ज्याने हत्यार धरले, त्याने हत्याराला कुंपण घातले.

ते कुंपण शेवटपर्यंत टिकले का? नाही टिकले, आणि हे मी लपवणार नाही. मे १९८३ मध्ये प्रिटोरियात रस्त्यावर बॉम्ब फुटून १९ माणसे मेली. पुढे वस्त्यांमध्ये खबऱ्या असल्याच्या संशयावरून माणसांच्या गळ्यात पेटता टायर घालू लागले. मरणारा काळा, मारणाराही काळा. जुलै १९८५ मध्ये दुदुझा वस्तीत जमाव एका माणसाला असाच जाळायला निघाला होता, तेव्हा बिशप डेस्मंड टुटू मध्ये घुसले आणि त्याला सोडवले. स्वातंत्र्यानंतर याच टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन आयोग बसला. गोऱ्या सरकारचे गुन्हे तर त्याने मांडलेच, पण मुक्तिसंघटनांच्या हातून झालेले अत्याचारही लिहिले. आपल्या माणसांची चूकही लिहायला मोठे काळीज लागते. हत्यार उचलणे सोपे असते, त्याला कुंपणात ठेवणे फार अवघड असते.

आता धम्म काय म्हणतो? बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ लावताना फरक केला. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. मनात द्वेष धरून मारणे बुद्धाने नाकारले, पण अन्यायापुढे लोटांगण घाला असे कधी सांगितले नाही. बाबासाहेबांनीच लिहिलेली रोहिणी नदीची कथा तुम्हाला माहीत आहे. शाक्य आणि कोलिय यांचे भांडण पाण्यावरूनच होते. सिद्धार्थाने संघात उभे राहून युद्धाला विरोध केला. बहुमत विरोधात गेले, तरी तो बदलला नाही. शिक्षा स्वतः घेतली आणि घर सोडले. अहिंसेची किंमत त्याने स्वतः चुकवली, दुसऱ्याच्या माथी मारली नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजवर कुठे सांगितली नव्हती.

मी गिरणीत नवा लागलो तेव्हा आमच्या खात्यात पाण्याचे दोन माठ होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण कोणी कोणत्या माठाचे पाणी प्यायचे ते सगळ्यांना माहीत होते. एका रातपाळीत आमचा माठ कोरडा होता, म्हणून मी दुसऱ्यातले पाणी घेतले. मुकादमाने हातातला गिलास उडवला आणि जातीवरून शिवी दिली. माझ्या हातात मोठा लोखंडी पाना होता. तो मी उचलला. खरं सांगतो, त्या क्षणी मला ना पंचशील आठवले, ना घरची माय. मागून एका वयस्कर कामगाराने माझे मनगट धरले. तो आपल्याच समाजाचा, बदली कामगार. म्हणाला, "पोरा, तू मारशील तं उद्या बातमी पान्याची होईन, पाण्याची नाही होनार."

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा अकरा जणांना गोळा केले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ओळीने गेलो, त्या माठातले एकेक गिलास पाणी प्यालो आणि मशीनवर परत आलो. भांडण नाही, घोषणा नाही. सगळ्यांची एका दिवसाची मजुरी कापली. आम्ही रोज तेच केले. आठव्या दिवशी खात्यात एकच माठ राहिला.

पण पुढचे ऐका. तो पुढाकार घेणारा म्हणून ओळखू आला, आणि बदली असल्यामुळे त्याला काढायला कागदही लागला नाही. नाव कापले ते कापलेच. मी कायम होतो, मी वाचलो. माठ एक झाला, पण त्याची चूल विझली. आम्ही दहा जण त्याच्यासाठी एक दिवसही काम बंद करू शकलो नाही. घरच्या हप्त्यांना भ्यालो. माझ्या हातून खून टळला तो त्याच्यामुळे, आणि त्याची भाकर गेली ती आमच्या भित्रेपणामुळे. हे ओझे माझ्या मनावर अजून आहे.

पुष्कळ वर्षांनी मी डर्बनच्या गिरण्यांबद्दल वाचले. जानेवारी १९७३. डर्बन शहरात एका वीटभट्टी कारखान्यापासून संप सुरू झाला आणि तो कापडगिरण्यांत पसरला. दोन-तीन महिन्यांत हजारो काळे आणि हिंदी कामगार रस्त्यावर आले. काळ्यांना संपाचा हक्क जवळपास नव्हताच. मालक म्हणाले, तुमचे पुढारी पाठवा, बोलणी करू. कामगारांनी एकही पुढारी पुढे केला नाही! सगळे एकत्र उभे राहिले आणि काय ते आमच्या सगळ्यांसमोर बोला म्हणाले. त्यांना ठाऊक होते की जो पुढे जाईल, तोच उद्या उचलला जाईल. बऱ्याच ठिकाणी मजुरी वाढली. त्यातून पुढे मोठ्या कामगार संघटना उभ्या राहिल्या, आणि वर्णभेदाचे कंबरडे मोडण्यात संप, बहिष्कार आणि त्या संघटना यांचा वाटा बंदुकीपेक्षा कमी नव्हता. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. एवढी अक्कल आम्हा अकरा जणांना त्या वेळी असती, तर त्याचे नाव कापले गेले नसते.

तेव्हा त्या पोराला माझे उत्तर असे आहे. बाळा, मार खाऊन गप बसणे ही अहिंसा नाही. एकट्याला पुढे ढकलून आपण मागे राहणे, हीही अहिंसा नाही. अहिंसा म्हणजे संघटना. मार एकाला बसला तर उभे सगळ्यांनी राहायचे, आणि किंमत वाटून घ्यायची. आणि मारणारा जेव्हा आपल्याला शांततेचे धडे देतो, तेव्हा ते ऐकायचे नसतात. आपली शिस्त आपण ठरवायची असते.

आणि दुसरे. मंडेलांनी हत्यार उचलले तेव्हा त्यांना मत नव्हते, संघटना बेकायदा होती. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले की घटनेचे मार्ग बंद असताना इतर मार्गांना आधार होता, ते मार्ग उघडल्यावर रक्तपात सोडा आणि सत्याग्रहसुद्धा सोडा. तो आपल्यावर टाकलेला विश्वास होता. म्हणून मंडेलांची १९६१ ची बंदूक आपण आज इथे आणू शकत नाही. आपले दार उघडे आहे. दगड मारला तर ते आपण आपल्याच हाताने लावून घेऊ.

पण दार उघडे आहे म्हणून कोणी आपोआप आत नेऊन बसवत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण फिर्याद द्यायला एकटी बाई जाते, पंच मिळत नाही, साक्षीदार फुटतो. कोर्टाची तारीख पडते त्या दिवशी सोबत यायला आपल्याला मजुरी बुडायची भीती वाटते. गोळी झेलायची वेळ आपल्यावर नाही, बाबांनो. एक दिवसाची मजुरी बुडवायची वेळ आहे. ती बुडवणार का, एवढाच माझा प्रश्न आहे.

नामांतराचा लढा आठवा. २७ जुलै १९७८ ला ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, खडकपूर्णेच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या. तेव्हा आपल्या पोरांच्या हातात दगड येणे अवघड नव्हते. पण सोळा वर्षे मोर्चे, तुरुंग, निवेदने, पुन्हा मोर्चे. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच वर्षी २७ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेतला काळा माणूस पहिल्यांदा मतदानाच्या रांगेत उभा राहिला. मी तेव्हा तरुण होतो. दोन्ही बातम्या मी गिरणीच्या फाटकावर मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. दक्षिण आफ्रिकेचे नवे संविधान तयार झाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी त्यावर सही कुठे केली? १० डिसेंबर १९९६ ला शार्पव्हिलमध्ये केली. जिथे पाठीत गोळ्या घातल्या, त्याच मातीत. आणि चवदार तळ्यावर ज्यांनी ओंजळ भरली, त्यांनीच पुढे या देशाच्या संविधानाचा मसुदा लिहिला. २० मार्च आणि २१ मार्च दोन्ही शेवटी संविधानापर्यंत जाऊन पोचतात.

म्हणून मी समितीला एक विनंती करतो. दर वर्षी २० मार्चला आपण महाडची आठवण करतोच. तो कार्यक्रम पुढच्या वर्षीपासून दोन दिवसांचा करा. २१ तारखेला शार्पव्हिलच्या माणसांसाठी एक मेणबत्ती लावा. आणि त्याच दिवशी वस्तीत एक यादी करा. कोणाला पोलीस ठाण्यात, कोर्टात, तहसीलला सोबत हवी असेल, तर त्या दिवशी कोण जाणार, त्याची यादी. पहिले नाव माझे लिहा. गिरणीत ज्या माणसाने माझे मनगट धरले, त्याच्यासाठी मी तेव्हा मजुरी बुडवली नाही. आता बुडवीन.